दोन मार्गदर्शक, दोन प्रोफाइल: इम्युनॉलॉजीतील संशोधकाची सायटेशन कशी वाचावीत?

मांजराकाठची, लातूर

सर्व जाणकारांना नमस्कार. मी लातूरच्या एका महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाल्यामुळे आता पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडण्याची वेळ आली आहे. विषय इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचे शास्त्र) हाच राहणार, त्याबद्दल मनात किंतु नाही; प्रश्न आहे तो माणूस निवडण्याचा. दोन ठिकाणी प्राथमिक बोलणे झाले असून दोन्हीकडून होकार येईल अशी चिन्हे आहेत. नावे उघड करणे बरे दिसणार नाही, म्हणून एकांना सर आणि दुसऱ्यांना मॅडम एवढेच म्हणते.

सरांच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवर दीडशेच्या वर शोधनिबंध आहेत, एच-इंडेक्स (इतरांनी निबंधांचे संदर्भ, म्हणजे सायटेशन, किती दिले यावरून काढलेला आकडा) तिशीच्या पुढे आहे, आणि ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ त्यांचे नाव आल्याची बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत फोटोसह छापून आली होती. वनस्पतींच्या अर्कांचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम हा त्यांचा मुख्य विषय दिसतो. शिवाय करोनाच्या काळात लिहिलेले बरेच आढावा-लेख यादीत आहेत. मॅडमचे निबंध चाळीसच्या आत आहेत आणि एच-इंडेक्स सरांच्या निम्म्याच्या आसपास आहे. क्षयरोगात टी-पेशींचे (प्रतिकारसंस्थेतल्या एका प्रकारच्या पेशींचे) काय होते या एकाच प्रश्नावर त्या वर्षानुवर्षे काम करत आहेत आणि मागच्या तीन वर्षांत त्यांचे दोनच निबंध आलेले दिसतात.

घरी आणि महाविद्यालयात सगळ्यांचा कौल सरांकडे आहे. ‘आकडे समोर असताना विचार कसला करतेस?’ असे आमचे विभागप्रमुख म्हणाले, तेव्हा मला काही उत्तर देता आले नाही. माझी शंका अशी आहे की एच-इंडेक्समधल्या एवढ्या फरकाचा नेमका अर्थ काय घ्यायचा, त्या दोन टक्क्यांच्या यादीला किती वजन द्यायचे, आणि ज्याच्या हाताखाली पाच वर्षे काढायची त्या संशोधकाचे प्रकाशित काम माझ्यासारखीने कसे तपासायचे? या क्षेत्रातल्या मंडळींनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.


ग्रंथपाल, नांदेड जिल्हा

ताई, जेआरएफबद्दल मनापासून अभिनंदन. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) निमित्ताने प्राध्यापकांचे निबंध व त्यांची सायटेशन मोजणे हे दरवेळी माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे विज्ञानाविषयी नाही तरी आकड्यांविषयी चार गोष्टी सांगू शकतो.

पहिली गोष्ट ही की गूगल स्कॉलरवरची यादी यंत्राने गोळा केलेली असते आणि ती साफ करण्याची जबाबदारी त्या प्रोफाइलच्या मालकावर असते. आपल्याकडे जाधव, पाटील, पवार, शिंदे ही आडनावे किती घरांत आहेत ते सांगायला नको. त्यात नियतकालिकात नाव छापले जाते ते ‘जाधव एस.’ एवढेच. एका प्राध्यापकांची यादी त्यांच्याच विनंतीवरून मी तपासायला बसलो, तेव्हा त्यात शेळ्यांच्या खाद्यावरचा एक आणि काँक्रीटच्या ताकदीवरचा एक निबंध सापडला, आणि काँक्रीटच्या निबंधाला त्यांच्या कुठल्याही स्वतःच्या निबंधापेक्षा जास्त सायटेशन होती. त्यांनी ते दोन्ही तत्काळ काढून टाकले, पण सगळेच काढतात असे नाही. उलट दिशेनेही गोंधळ होतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे निबंध दुसऱ्याच नावाखाली राहून जातात, तेव्हा मॅडमच्या बाबतीत हे अवश्य पाहा. संस्थेच्या नावाने शोधायला जाल तर आपल्या भागात आणखी एक अडचण येते. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, त्याच वर्षी नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि अलीकडे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे एकाच माणसाचे काम तीन-चार पत्त्यांखाली विखुरलेले असू शकते. सगळी रूपे घालून शोधल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही.

दुसरे असे की गूगल स्कॉलर हे प्रबंध, पुस्तके, परिषदांची टिपणे, प्रीप्रिंट (परीक्षणापूर्वीच खुली केलेली हस्तलिखिते) अशा सगळ्यांतून आलेली सायटेशन मोजते, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निबंधसूची निवडक नियतकालिकेच धरतात. म्हणून एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स स्कॉलरवर सहसा सगळ्यांत मोठा दिसतो. तुलना करायची तर दोघांचेही आकडे एकाच ठिकाणचे घ्या. एकाचे स्कॉलरवरचे आणि दुसऱ्याचे स्कोपसवरचे असे घेऊ नका.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत त्याचा इंडेक्स २०, इतका तो हिशेब सोपा आहे. मात्र सोपेपणाची किंमत मोजावी लागते. आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला दोन हजार सायटेशन मिळाली, तरी इंडेक्स पाचच राहतो. तो कधी कमी होत नाही, नोकरीची वर्षे वाढतात तसा आपोआप वाढतो, आणि पंधरा लेखकांच्या निबंधात आपण कितव्या स्थानी आहोत याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. हर्शनेच त्या लेखात इंडेक्सला कारकिर्दीच्या वर्षांनी भागून पाहायला सांगितले होते, पण ते कोणी करताना मला तरी दिसत नाही. सर आणि मॅडम यांचा पहिला निबंध कोणत्या साली आला ते पाहून एवढा भागाकार तुम्हीच करा.

आता ती दोन टक्क्यांची यादी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून ती स्कोपसच्या माहितीवरून प्रसिद्ध करत आहेत. बातमीत सहसा न येणारी बाब अशी की याद्या दोन असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक केवळ एका वर्षात मिळालेल्या सायटेशनची. दोहोंत फार अंतर आहे आणि बातमीवरून कोणती ते कळत नाही. एक्सेलची ती फाइल कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यात स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन किती टक्के आहेत याचा वेगळा रकाना आहे, ती वगळल्यावर क्रमांक काय होतो तेही दिलेले आहे, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या निबंधांची संख्यासुद्धा असते. यादी बनवणाऱ्यांनी केवळ एकूण सायटेशन धरलेली नाहीत. एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशनही त्यांनी हिशेबात घेतली आहेत. म्हणजे यादी टाकाऊ नाही. बातमी वाचून थांबण्यापेक्षा सरांच्या नावाची ओळ उघडून सगळे रकाने वाचा.


पूर्णाकाठ

ताई, मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत टी-पेशींवरच काम करतो. ग्रंथपाल सरांनी मोजणीची बाजू उत्तम मांडली आहे. मी इम्युनॉलॉजीच्या आतली बाजू सांगतो, कारण या शाखेत सायटेशन कशाला मिळतात हे कळल्याशिवाय त्या मोठ्या आकड्याचा उलगडा होत नाही.

टिम मॉसमन यांचे उदाहरण घ्या. १९८३ मध्ये त्यांनी जिवंत पेशी किती आहेत ते रंगावरून मोजण्याची एमटीटी पद्धत एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केली. पिवळा रंग जिवंत पेशींत जांभळा होतो, आणि तो जांभळा किती गडद झाला ते यंत्रावर मोजायचे, इतकी ती साधी आहे. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला तुम्हीही ती केली असेल. त्या निबंधाला हजारोंनी सायटेशन मिळाली आणि अजून मिळत आहेत, कारण जो कोणी ती पद्धत वापरतो तो संदर्भ देतो. याच मॉसमन यांनी रॉबर्ट कॉफमन आणि इतरांबरोबर १९८६ मध्ये दाखवले की मदतनीस टी-पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे दोन प्रकार असतात, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे अख्खी शाखा त्या विभागणीच्या चौकटीत विचार करत राहिली. सायटेशनच्या यादीत दोन्ही निबंध एकाखाली एक दिसतील. पण एक लोकांनी वापरला आणि दुसऱ्याने लोकांचा विचार बदलला, हा फरक कोणताही इंडेक्स सांगत नाही. उलटेही घडते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडे) तयार करण्याची रीत दाखवली, त्यावर त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. आज आमच्या फ्रीजमधली जवळजवळ प्रत्येक अँटिबॉडी त्या कामाची ऋणी आहे, पण निबंधात आम्ही लिहितो तो कंपनीचा कॅटलॉग क्रमांक. जे सर्वांच्या अंगवळणी पडते त्याचा संदर्भ देणे लोक सोडून देतात.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिमोन साकागुची यांचा १९९५ चा निबंध ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’मध्ये आला. ते चांगले, जुने, प्रतिष्ठित नियतकालिक आहे, पण ज्यांच्या नावावर नोकऱ्या मिळतात त्या दोन-तीन नियतकालिकांपैकी ते नव्हे. प्रतिकार दाबून ठेवणाऱ्या टी-पेशी असतात ही कल्पना त्या सुमारास पुरती बदनाम झालेली होती. ‘सप्रेसर’ पेशींचे आधीचे दावे कोसळल्यामुळे त्या वाटेला जायला कोणी तयार नव्हते. साकागुचींनी उंदरांच्या टी-पेशींमधून पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस (टी-पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्या उंदरांचे शरीर स्वतःवरच उलटले. काढलेल्या पेशी परत दिल्या तर आजार टळला. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने, तोही विद्यापीठात नव्हे तर एका जैवतंत्रज्ञान कंपनीत, स्कर्फी नावाच्या आजारी उंदरांतला दोषी जनुक शोधला, आणि २००३ मध्ये हाच फॉक्सपी३ जनुक साकागुचींच्या पेशींचा कारभार पाहतो हे सिद्ध झाले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले. १९९७ किंवा ९८ साली कोणा समितीने केवळ सायटेशन मोजली असती तर तिला या कामात फारसे काही दिसले नसते. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या २००५ च्या ‘इम्युनिटी’तील निबंधाचेही तेच, आरएनएमधला एक घटक बदलला की प्रतिकारसंस्था त्यावर तुटून पडत नाही हे त्यात दाखवले होते. सुरुवातीला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि पंधरा वर्षांनी करोनाच्या एमआरएनए लसी त्यावरच उभ्या राहिल्या.

तर तुम्ही काय कराल? दोघांचेही सर्वाधिक सायटेशनचे दहा-दहा निबंध उघडा आणि तीन गोष्टी पाहा. त्यात आढावा-लेख किती आहेत, कारण आढाव्याला सायटेशन सहज मिळतात आणि त्यात नवा प्रयोग नसतो. २०२० आणि २०२१ मधले करोनाविषयक किती आहेत, कारण त्या दोन वर्षांत त्या विषयावर जे छापले गेले त्याला सायटेशनचा पूर आला होता आणि तो आता ओसरला आहे. आणि संशोधकाचे नाव कुठे आहे. आमच्याकडे पहिले नाव प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि शेवटचे ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या कल्पनेवर आणि ज्याच्या निधीवर काम झाले त्याचे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मधल्या नावांत खरे कष्ट करणारेही असतात, आणि फ्लो सायटोमीटर (पेशी मोजण्याचे यंत्र) चालवून देणारे, रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुरवणारे, किंवा विभागप्रमुख म्हणून नाव घातलेलेही असतात. दीडशेपैकी किती निबंधांत सर शेवटचे किंवा पत्रव्यवहाराचे (निबंधाबाबत ज्यांच्याशी संपर्क साधायचा ते) लेखक आहेत, हा आकडा मला दीडशेपेक्षा जास्त बोलका वाटतो.

त्यानंतर, वेळ काढून, मुख्य निबंधांपैकी एकेकाला ज्यांनी सायटेशन दिले त्यातले पाच-सहा निबंध उघडा आणि संदर्भ कोणत्या वाक्यात आला आहे ते वाचा. प्रस्तावनेत ‘यावर अनेकांनी काम केले आहे’ अशा वाक्यापुढे दहा क्रमांकांच्या झुबक्यात तो असेल, तर लेखकाने मूळ निबंध वाचला असेलच असे नाही. निष्कर्षांच्या भागात ‘अमक्यांनी दाखवले होते तसे आम्हालाही आढळले’ किंवा ‘आढळले नाही’ असे असेल, तर त्या कामावर कोणीतरी आपले कित्येक महिने खर्च केले आहेत.

पबमेड या जीववैद्यकीय निबंधसूचीतल्या निबंधांसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे आयसाइट हे साधन फुकट वापरता येते. ते प्रत्येक निबंधाची तुलना त्याच विषयातल्या आणि त्याच काळातल्या निबंधांशी करते. आकडा १ आला तर तो निबंध एनआयएचच्या निधीवरील मध्यम निबंधाइतका. ट्यूमर इम्युनॉलॉजीत हजारो लोक आहेत, कुष्ठरोगाच्या इम्युनॉलॉजीत मोजके. त्यामुळे कच्ची सायटेशन शेजारी शेजारी ठेवणे मुळातच अन्यायाचे आहे, आणि हे साधन तो अन्याय थोडा कमी करते.


निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

वरच्या दोन्ही उत्तरांतले बहुतेक मला मान्य आहे, पण आकड्यांची इतकी हेटाळणी झालेली पाहून दुसरी बाजू मांडावीशी वाटते. मी निवड समित्यांवर बसलेलो आहे. आकडे नव्हते त्या काळात निवड गुणवत्तेवर होत असे असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. तेव्हा ओळख चालत असे, गाव चालत असे, जात चालत असे, आणि ‘मुलगा हुशार आहे, मी ओळखतो’ एवढ्यावर अर्ज वर सरकत असे. सेलूच्या किंवा देगलूरच्या ज्या मुलाला कोणी ओळखत नव्हते त्याच्या हातात छापील निबंध आणि त्याची सायटेशन हाच एक पुरावा होता. तो पुरावा वाकवता येतो हे खरे, पण समितीचे मन त्याहून सहज वाकवता येते.

वाकवण्याची सोय नियमांनीच कशी केली आहे तेही सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत निबंधाचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरतात. दोन ते पाचच्या दरम्यान असेल तर २० गुण, दहाच्या पुढे असेल तर ३०. दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला त्यातले ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. आता दहा नावांचा निबंध घ्या: एकाला ७०, नऊ जणांना ३०-३०, म्हणजे एकाच निबंधाचे ३४० टक्के वाटप झाले! नाव वाढवल्याने कोणाच्याच ताटातले कमी होत नाही, मग नावे का वाढणार नाहीत? यादीत मधल्या स्थानी शेकडो निबंध असणारी माणसे आपल्या व्यवस्थेनेच तयार केली आहेत. एकट्या सरांना दोष देऊन उपयोग नाही.

शिवाय इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे, हे कित्येक समिती सदस्यांना निवृत्त होईपर्यंत समजलेले नसते. मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना चालू वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या निबंधांची संख्या, ही सरासरी आहे, आणि सरासरी एका निबंधानेही उडू शकते. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास असायचा, २००८ साली त्यात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एका संगणक-प्रणालीवरचा लेख आला आणि २००९ साठी तो जवळजवळ पन्नासावर गेला. बाकीचे लेखक रातोरात पंचवीसपट मोठे झाले असे कोणी म्हणेल काय? सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, ज्याला डोरा म्हणतात, तो २०१३ मध्ये याच कारणासाठी निघाला: माणसाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या सरासरीवरून करू नका, एवढेच त्याचे मुख्य मागणे आहे. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली आणि नियतकालिके पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले. आमच्यासारख्या ठिकाणी ते कोण आणि कसे करणार, हा वेगळा विषय आहे.

पूर्णाकाठ यांना मात्र एक सांगतो. साकागुचींचे उदाहरण फार मोहक आहे, परंतु थोडे लिहिणारा प्रत्येक जण साकागुची नसतो. थोडे लिहिण्याची साधी कारणेही असतात: निधी संपलेला असतो, यंत्र नादुरुस्त असते, विद्यार्थी सोडून गेलेले असतात, किंवा मार्गदर्शकाला हस्तलिखित हातावेगळे करवत नाही. शेवटचे कारण विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यांत घातक. ताईंनी मॅडमना तीन वर्षांत दोनच निबंध का, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात गैर काही नाही.


मांजराकाठची, लातूर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोघांचेही निबंध काढून बसले. सरांचे सर्वाधिक सायटेशनचे निबंध बहुतांशी आढावे निघाले, त्यातही वरचे करोनाचे, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचे नाव मध्ये आहे. प्रयोगाचे म्हणावेत असे निबंध आहेत, पण त्यांत अर्क बदलतो आणि पद्धत तीच राहते असे मला दिसले. हे माझे अज्ञानही असू शकेल. दोन टक्क्यांची यादी उघडली, तर नाव एका वर्षाच्या यादीत आहे, कारकिर्दीच्या यादीत नाही.

मॅडमच्या दोन निबंधांना सायटेशन देणारे निबंध वाचताना एक अडचण आली. परदेशातल्या एका गटाने लिहिले आहे की मॅडमनी रक्तातल्या पेशींत जे दाखवले ते त्यांना रक्तात आढळले नाही, पण लसिकाग्रंथींत आढळले. ही सायटेशन त्यांच्या बाजूची मानायची की विरोधातली? आणि प्राध्यापक सरांनी म्हटलेला प्रश्न मॅडमना कोणत्या शब्दांत विचारावा म्हणजे उद्धटपणा वाटणार नाही?


पूर्णाकाठ

बाजूची की विरोधातली या वादात पडू नका. आकड्यात दोन्ही एकसारखीच मोजली जातात, आणि विज्ञानाच्या दृष्टीने तुम्ही सांगता ती सायटेशन झुबक्यातल्या पन्नास सायटेशनपेक्षा मोलाची आहे. क्षयरोगात हे घडणे स्वाभाविकही आहे, कारण लढाई फुप्फुसात आणि लसिकाग्रंथींत चाललेली असते आणि आपण सुईने काढतो ते रक्त. रुग्णांचा गट वेगळा, बीसीजी घेतल्याचे वय वेगळे, आजाराची पायरी वेगळी, यांपैकी कशानेही फरक पडू शकतो. उलट मॅडमना हेच विचारा: ‘त्या गटाला रक्तात ते का आढळले नसावे, असे आपल्याला वाटते?’ या प्रश्नावर त्या खुलून बोलू लागल्या तर तिथे शिकायला मिळेल, आणि चिडल्या तर तेही आधीच कळलेले बरे.

निबंध कमी असण्याचे एक कारण त्या विषयातच आहे. क्षयाच्या जिवंत, रोगकारक जंतूंवर काम करायला बीएसएल-३ दर्जाची (कडक जैवसुरक्षेची) प्रयोगशाळा लागते, संसर्ग दिलेल्या उंदरांचे प्रयोग महिनोन् महिने चालतात, आणि माणसांचा गट घेऊन कोणाला पुढे आजार होतो हे पाहायचे तर वर्षे जातात. तरीही प्राध्यापक सरांचा इशारा मी हलका मानत नाही. जेआरएफ आणि तिच्यापुढची एसआरएफ फेलोशिप मिळून पाच वर्षे चालते आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची आहे; निबंध सातव्या वर्षी येणार असेल तर तोवर तुमची फेलोशिप संपलेली असेल. त्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली असली, तरी पुढे पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) अर्ज करताना पहिल्या लेखकाचा निबंध सगळे विचारतात. म्हणून ‘सध्या कोणती हस्तलिखिते परीक्षणाला गेलेली आहेत आणि मला सुरुवातीला हाती घेता येईल असा छोटा भाग कोणता?’ असे विचारा. दोनच निबंध का, या प्रश्नाचे उत्तर त्यातच येते.


ग्रंथपाल, नांदेड जिल्हा

दोन गोष्टींची भर घालतो. शोधगंगेवर (भारतातील पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) मार्गदर्शकाच्या नावाने शोधल्यास त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध दिसतात. नोंदणीचे आणि प्रबंध सादर केल्याचे साल जुळवले की एकेकाला किती काळ लागला ते कळते, आणि विद्यार्थ्याचे नाव पबमेडमध्ये घातले की त्या प्रबंधातून पहिल्या नावाने काय छापले गेले आणि तो विद्यार्थी आज कोणत्या पत्त्यावरून लिहितो तेही समजते. सगळ्या संस्था प्रबंध वेळेवर चढवत नाहीत, तेव्हा नाव नाही म्हणजे विद्यार्थी नाहीत असे धरू नका. त्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला दूरध्वनी करता आला तर फारच चांगले.

दुसरे, दोघांचीही नावे पबपीअरवर घालून पाहा. तिथे वाचक छापलेल्या निबंधांतल्या शंकास्पद आकृत्या दाखवून देतात. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जीववैद्यकातले वीस हजारांहून अधिक निबंध डोळ्यांनी तपासले होते, त्यातल्या ३.८ टक्के निबंधांत आकृत्यांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. एखादी टिप्पणी दिसली म्हणजे माणूस दोषी ठरत नाही. लेखकाने मूळ आकृती दाखवून खुलासा केला आहे की मौन धरले आहे, ते वाचा.

आणि ताई, स्वतःचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) आजच काढून घ्या. सोळा अंकांचा असतो, पैसे लागत नाहीत. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव घालायचे की केवळ आद्याक्षर, आडनाव पुढे की मागे, हे पहिला निबंध जाण्याआधी ठरवा आणि पुढे आडनाव बदलले तरी क्रमांक तोच ठेवा. सरांची आणि मॅडमची निबंधांची यादी मला खासगी संदेशात पाठवलीत तर पुढच्या आठवड्यात विद्यापीठात जाणार आहे, तेव्हा दोन्ही याद्या स्कोपसवर ताडून आणतो.